गुडघाभर भुई

मरायला टेकलेल्या माणसाला खाटेवरून खाली घ्यायचं, सारवलेल्या भुईवर निजवायचं, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालायचं, ही आमच्या भागातली रीत. खाटेवर जीव जाऊ द्यायचा नाही. मी याच भागात वाढले, त्यामुळे ती मला ठाऊक होती. पण नर्स म्हणून तिच्याशी माझी खरी गाठ पडली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत.

तेव्हा मी शहापुरात एका लहान केंद्रात काम करायचे. एक डॉक्टर, दोन नर्स आणि कधी मिळणारी, कधी न मिळणारी जीप, एवढाच आमचा पसारा. मुंबईच्या इस्पितळातून ‘आता घरी न्या’ असं सांगून परत पाठवलेल्या रोग्यांकडे आम्ही जायचो. रोग बरा करण्याची वेळ गेलेली असायची. दुखणं आटोक्यात ठेवायचं, जखमेचा वास कमी होईल असं बघायचं, कूस कशी बदलायची ते घरच्यांना दाखवायचं आणि विचारतील तेवढं खरं सांगायचं, हे आमचं काम. खर्डीपासून मुरबाडच्या डोंगरापर्यंत जिथं असा रोगी असेल तिथं आठवड्यातून एकदा आमच्यापैकी कोणीतरी पोचायचं. जीप नसली की एसटीने मुरबाड, पुढं म्हसा गावाची गाडी आणि उरलेली वाट पायी.

या वाडीतला रोगी म्हणजे साठी ओलांडलेले एक शेतकरी. मी त्यांना बाबा म्हणायचे. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात उतरला होता. पाय लुळे पडले होते, लघवीला कायमची नळी घातली होती, आणि कंबर अशी दुखायची की खाटेला कोणाचा धक्का लागला तरी ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. मॉर्फिनच्या गोळ्या वेळेवर घेतल्या की मात्र गडी खुशीत. मग जाणाऱ्या-येणाऱ्याची थट्टा, बायकोची थट्टा, माझ्या पिशवीची थट्टा. ‘बाई, त्या पिशवीत माजा मरन हाय काय गो? तं काढा एकदाचा.’

दसरा होऊन गेल्यावर एके सकाळी मी वाडीत शिरले तर त्यांची खाट अंगणात भिंतीला उभी केलेली दिसली. मी काय ते समजले. पिशवी खांद्यावरून उतरवून दाराशी ठेवली, आता मावशींशी काय बोलायचं याचा विचार करत पदर सारखा केला, तेवढ्यात आतून आवाज आला.

‘बाई आली वाटतं. बाई, चहा नाय मिलायचा आज. साखर पावन्यांनी संपवली.’

बाबा ओटीवर खाली भुईवर पडले होते. घोंगडी अंथरलेली, उशाला पाण्याचा तांब्या, तांब्यावर तुळशीची वाळलेली पानं. मावशी, म्हणजे त्यांची बायको, शेजारी बसून शेंगा सोलत होत्या.

झालं होतं ते असं. दोन दिवसांपूर्वी बाबांना सणकून ताप भरला. हाकेला ओ देईनात, डोळे वर गेले. बाबांचे थोरले भाऊ वाडीतले जाणते, त्यांनी नाडी धरली आणि ‘उतरवा’ म्हणाले. चौघांनी खाली घेतलं. मुलगा कारखान्यातून धावत आला. आजूबाजूच्या वाड्यांतली सोयरी आली, रडली, पाया पडून गेली. बाबांच्या तोंडात पाणी घातलं, दाराशी लाकडांचं बोलणंही झालं. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता ताप उतरला. बाबांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

‘येवढी सगली रडून गेली,’ बाबा मला म्हणाले, ‘आता खरा मेलो तं कोन येल?’

‘मी येन ना,’ मावशी शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या. ‘मला कुठं जायचाय?’

मीही हसले. मग मी त्यांच्या अंगावरची चादर बाजूला केली आणि हसू थांबलं. ओटीपोट ताठ फुगलं होतं. लघवीची पिशवी त्यांच्या शेजारी जमिनीवर आडवी पडली होती, तळाशी जेमतेम वाटीभर.

नळी लावलेल्या माणसाची पिशवी त्याच्यापेक्षा खाली टांगलेली असावी लागते. खाटेच्या माच्याला ती लटकवलेली असायची तेव्हा सगळं आपसूक उतरायचं. आता बाबा आणि पिशवी एकाच पातळीवर होते. लघवी तुंबत होती, उलटी फिरत होती, आणि तशीच राहिली असती तर तो ताप परत येणार हे ठरलेलं. शिवाय खालची भुई पावसाळ्यानंतरची, अजून थंड. पाठीच्या माकडहाडावर लाल चट्टा उमटला होता. अजून कातडी फाटली नव्हती.

मी त्यांना कुशीवर वळवलं, नळी मोकळी केली, पिशवी भरली, पोट खाली गेलं. बाबांच्या कपाळावरची आठी सुटली. मग मी मावशींना म्हटलं, ‘खाट आत आणा. पोरांना बोलवा, आपण उचलून ठेवू.’

मावशींचे हात थांबले. बोलले ते थोरले भाऊ. दारात उभेच होते.

‘नाय बाई. भुईला दिलेला मानूस परत मागायचा नाय.’

‘पण ते जिवंत आहेत.’

‘म्हनून तं. भुईनी हात पसरला, आमी दिला. आता काढून घेतला तं ती घरातला दुसरा मागते.’

घरात दुसरं कोण, हे मला विचारावं लागलं नाही. आतल्या दाराला टेकून सून उभी होती. तिचे दिवस भरत आले होते.

अशा वेळी वाद घालून काही मिळत नाही हे मी एव्हाना शिकले होते. रोग्याला विचारायचं, त्याचं ऐकायचं. मी बाबांच्या उशाशी बसले. ‘बाबा, तुमचं काय म्हणणं? खाली राहिलात तर लघवी तुंबेल, पाठ फुटेल, दुखेल. मी खोटं सांगत नाही.’

‘माझ्या पाठीचा काय,’ ते म्हणाले. आवाज थट्टेचा नव्हता. ‘ती पोर काल सकालपासून माझ्याकडं बघत नाय. मी खाटेवर चढलो आन तिला काय झाला, तं ती सगली काय बोलतील? आन ती स्वता काय बोलंल? मला नाय उचलायचा.’

तेव्हा गोष्ट अशी झाली होती की त्या माणसाला भुईवरून हलवायचं नव्हतं आणि भुईवर ठेवायचंही नव्हतं.

मी पेंढ्याचा जाड थर घालून पाहिला. पेंढा चालत होता, भावाची हरकत नव्हती. पण कमरेखाली तो दबला, पाठीचा कणा वाकला आणि बाबा असे ओरडले की अंगणातली कोंबडी उडाली. पेंढा काढला. मग मी म्हटलं, ‘पिशवीपुरता एक खड्डा करू, शेजारीच. हातभर. पिशवी त्यात राहील.’

‘जिता मानूस निजलाय आन बाजूला खड्डा?’ मावशी पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलल्या. ‘बाई, तुमी आमच्यातल्याच ना?’

त्यांचं बरोबर होतं. मला आधी सुचायला हवं होतं.

बाबा मघापासून त्या पिशवीकडे बघत होते. मी नळी वर धरली की आतलं पाणी थांबायचं, खाली धरली की उतरायचं. त्यांनी मला दोनदा तसं करायला लावलं.

‘हे तं खाचराचा काम हाय,’ ते म्हणाले. ‘वरच्या खाचराचा पानी खालच्या खाचरात जातं. माजा खाचर खाली बसलाय गो.’

‘मंग वर घ्यायचा,’ मावशी म्हणाल्या.

‘कुनाला वर घ्यायचा?’ थोरल्यांनी लगेच विचारलं.

‘त्यांना नाय वो भावजी. खाचराला.’

मला कळायला क्षण लागला. थोरल्यांना माझ्याआधी कळलं. ते आत आले, बाबांच्या शेजारची मोकळी ओटी पायाने चाचपत राहिले. मी विचारलं, ‘खाली पोकळी नको, एवढंच ना? खालपासून वरपर्यंत मातीच असली तर?’

‘माती असली तं भुईच ती,’ ते सावकाश म्हणाले. ‘डोंगर काय भुई नाय काय?’

घरामागे मातीचा ढीग होता. कापणीनंतर भात झोडायला दर वर्षी खळं नव्याने चोपावं लागतं, त्यासाठी बाबांनीच चैत्रात बैलगाडीने मुरूम आणि वारुळाची माती आणून ठेवली होती. तेव्हा कमरेचं दुखणं त्यांना उसण वाटत होतं. ढीग पावसात वरून भिजला होता, आत कोरडा होता. भात पिवळं पडलं होतं, आठ-दहा दिवसांत कापणी लागणार, खळं चोपायला हीच माती लागणार. कोणी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

दुपार व्हायच्या आत वाडीतल्या बायका जमल्या. घमेली, कुदळी आणि चोपणी घेऊन आल्या. चोपणं म्हणजे लांब दांड्याची लाकडी थापी, खळं ठोकायची. आधी बाबांच्या शेजारी चारी बाजूंनी दगड लावून माणूस मावेल एवढी चौकट केली. मुरमाचा थर टाकला, पाण्याचा नुसता शिपका मारला, ठोकला. वर माती, पुन्हा शिपका, पुन्हा ठोकणी. मी विचारलं, जास्त पाणी घातलं तर लवकर बसणार नाही का? ‘बसंल,’ एक म्हातारी म्हणाली, ‘आन बाबा शेवाळ होतील.’ सगळ्या हसल्या. बाबा पण.

मी माझ्या कामात बऱ्याच गोष्टी पाहिल्या आहेत. माणसं चांगली मरताना पाहिली आहेत, वाईट मरताना पाहिली आहेत, आणि सहसा माझा हात चालू असतो, त्यामुळे बघत बसायला सवड नसते. त्या दुपारी मात्र मला काही काम नव्हतं. माती दमट अंगाने बसत होती आणि तिच्यावर चोपणी पडत होती, डावी-उजवी, डावी-उजवी, एकीचंही दुसरीच्या चोपण्यावर आदळत नव्हतं. आवाज आधी भुसभुशीत यायचा, मग जड, मग टणक. टणक आला की पुढचा थर. ओटीची भुई सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर येत होती. घोट्यापर्यंत आली, पोटरीपर्यंत आली. बाबा मान वळवून बघत होते. जमीन चोपली की त्यांना खालून हादरा बसत असणार, मी दोनदा विचारलं, दुखतंय का. ते म्हणाले, ‘ठोकू द्या. चांगला लागतो.’

थोरल्या भावांनी कडेला एक बाजू तिरकी ठेवायला लावली, बांधाला चढ असतो तशी. मी विचारलं हे कशाला.

‘उचलायचा नाय ना बाई. उचलला की सुटला.’

संध्याकाळी वारुळाच्या मातीचा शेवटचा हात फिरला, शेणाने पातळ सारवलं. गुडघ्याएवढी उंच भुई तयार झाली. वर हात ठेवला तर सपाट, एकसंध, कडा गोल केलेल्या. चौकटीत काढलेला एखादा शेताचा तुकडा असावा तशी. मी त्या दिवशी तिथेच राहिले. पिशवी उतरावी म्हणून मावशींनी आणि मी बाबांना आलटून-पालटून कुशीवर धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत सारवण सुकलं. मी बाबांना मॉर्फिनची गोळी दिली आणि तिचा असर होईपर्यंत सगळ्यांना थांबायला लावलं. मला त्यांच्या पाठीखाली फळी हवी होती, कणा सरळ राहावा म्हणून. शेजारच्या दाराची फळी काढायला मी सांगितलंही.

‘लाकूड म्हनजे खाट,’ थोरले म्हणाले. ‘घोंगडी हाय ना. म्हशाच्या जत्रेची हाय, फाटत नाय.’

चढावर त्यांनी पेंढा अंथरला, सगळ्या काड्या एकाच दिशेने. घोंगडी बाबांच्या डोक्याशी आणि खांद्याशी गुंडाळून मुलाने आणि तीन गड्यांनी धरली. दोन्ही कडांना बायका बसल्या, तिची कडा ताणून, म्हणजे मध्ये झोळ पडू नये. मी मान धरली. मावशींनी पिशवी धरली, दिवा धरावा तशी दोन्ही हातांनी. थोरले भाऊ पायाशी ओणवे बसले आणि घोंगडी आणि पेंढ्याच्या मध्ये नजर लावून राहिले, कुठं फट दिसते का ते बघायला.

‘घ्या,’ ते म्हणाले.

कोणी हिसका दिला नाही. चार गडी एका श्वासाने मागे सरले आणि बाबा भुईवरून भुईवर सरकू लागले. इस्पितळात मी रोगी हलवले आहेत, चांगल्या खाटांवर, चाकांवर, शिकलेल्या हातांनी. इतक्या हळू आणि इतक्या सरळ रेषेत माणूस हललेला मी पाहिला नव्हता. पेंढ्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती. चढाच्या मध्यावर बाबांनी डोळे उघडले. मला वाटलं दुखलं. ‘काय बाबा?’

‘मी कधी बांधावर झोपून चढलो नव्हतो,’ ते म्हणाले. ‘बघत होतो.’

ते वर पोचले. थोरल्यांनी पायाशी हात घातला, सगळीकडून चाचपलं. मग उठून उभे राहिले आणि आतल्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले, ‘सुटला नाय गो पोरी. एक बोट सुटला नाय.’

सून बाहेर आली. सरळ येऊन सासऱ्याच्या पायाशी त्या नव्या भुईला तिने हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मग आत गेली आणि चहा टाकला. साखर कुठून आली कोण जाणे.

मी पिशवी कडेच्या दगडाला दोरीने टांगली. थोड्या वेळाने नळीतून पिवळं पाणी उतरू लागलं. आम्ही सगळे, मी, मावशी, थोरले, चार गडी, डझनभर बायका, त्या नळीकडे बघत उभे होतो. असं दृश्य मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

टाचांखाली ठेवायला मी रबरी हातमोज्यांत पाणी भरून दिलं. तासातासाने कूस बदलायची ते मावशींना पुन्हा दाखवलं. आता त्यांना उकिडवं बसावं लागत नव्हतं, पाटावर बसून सगळं हाताशी येत होतं. पुढच्या आठवड्यात गेले तर पाठीचा चट्टा फिका पडला होता. ताप परत आला नव्हता. बाबा गोळीच्या वेळा स्वतः सांगत होते आणि शेतातून येणाऱ्या प्रत्येकाला भात कितपत पिकलं ते विचारत होते. सून त्यांच्या कडेला बसून तांदूळ निवडत होती.

त्यानंतरच्या फेरीला मी पोचले तेव्हा ते गेले होते. मी आदल्या दिवशी यायला हवं होतं असं काही मला वाटलं नाही. आम्ही क्वचितच त्या वेळेला हजर असतो. मावशींनी सांगितलं ते असं: सगळे कापणीला गेले होते. मावशी पेज निववून घेऊन आल्या, एक घोट बाबांनी घेतला, दुसरा घोट ओठांतून परत आला. मावशींनी थोरल्यांना हाक मारली. ते शेतातून धावत आले, ओटीच्या दारात थांबले.

‘आन मंग?’ मी विचारलं.

‘मंग काय? उतरवायचा नव्हता. पानी घालून झाला होता. रडनारे रडून गेले होते.’ मावशी म्हणाल्या. ‘भावजी नुसते उभे होते. हातांना काय कामच नव्हता. मंग ते बसले, मी बसले. लय वेळ बसलो आमी दोघं त्यांच्यापाशी. असा कधी बसायला मिलत नाय, बाई. नेमी नुसती धावपल असते.’

त्या वेळी कोणी त्यांना ओढलं नाही, उचललं नाही, कमरेला धक्का लागला नाही. जे करायचं ते सगळं आधीच उरकलं होतं, चुकून.

दिवसकार्य झाल्यावर मी आमचं सामान आणायला गेले. उरलेल्या लघवीच्या पिशव्या, हातमोजे, मलमूत्राचं भांडं, हे सगळं पुढच्या घरी लागतं. ओटी सपाट होती, नव्याने सारवलेली. एक दगडसुद्धा दिसत नव्हता.

‘फोडलात?’

‘खल्याला माती नको काय?’ मावशी म्हणाल्या. ‘चला दाखवते.’

खळं घरामागे होतं. मधोमध भाताच्या भाऱ्यांची उडवी, एका बाजूला दोन गडी फळीवर भारे झोडत होते, दुसऱ्या बाजूला सून सुपाने वारवत होती. अजून मोकळी झाली नव्हती, पोट पुढे घेऊन संथपणे सूप हलवत होती. भाताचे दाणे खळ्यावर पडत होते आणि टणक भुईवरून उसळून बाजूला जात होते.

खळ्यावर कोणी पायताण घेऊन चढत नाही. मी चपला काढल्या आणि आत गेले. ऊन दिवसभर त्या मातीत मुरलं होतं. कुठं भेग नव्हती, कुठं पाय बसत नव्हता. मी वाकून तळहात टेकवला. बाबांखाली चोपून बसवली होती तेव्हा लागली होती तशीच लागली.

‘बाई,’ मावशी मागून म्हणाल्या, ‘ते भांडं राखेनं घासून ठेवलाय. न्या आता. आन तो वरच्या वाडीतला म्हातारा खाटेवर हाय ना, त्याच्या घरी मी जाऊन आलेय. माती आनून ठेवा म्हनून सांगितलाय.’